आहार-जल शुद्ध आहे

माझी मोठी बहीण आर्यिका आहे, म्हणजे दिगंबर जैन साध्वी. दीक्षा घेतली तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि सांगलीजवळच्या आमच्या गावात हायस्कूलला गणित शिकवत होती. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान. आमच्याकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. दीक्षेनंतर तिला नवं नाव मिळालं, लोक तिला माताजी म्हणू लागले, आणि नियमाप्रमाणे ती कुणाची बहीण राहिली नाही, कुणाची मुलगीही नाही. चारचौघांत मीही माताजी म्हणायचो. मनात मात्र ती अक्काच राहिली.

लहानपणी अक्का भयंकर तापट होती. एकदा तिची कंपासपेटी न विचारता शाळेत नेली म्हणून ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. आई मध्ये पडली तर आईशीही बोलली नाही. त्यामुळे तिने घर सोडायचं ठरवलं तेव्हा मला तो तिचा आणखी एक हट्टच वाटला. एवढा मोठा हट्ट ती आयुष्यभर निभावेल असं मला वाटलं नव्हतं.

दीक्षेनंतर तिसऱ्या वर्षी आई गेली. अक्का ज्या साध्वींच्या संघाबरोबर फिरायची तो तेव्हा राजस्थानात होता. संघाबरोबर जे ब्रह्मचारी भैया असायचे त्यांना मी फोन केला. ते म्हणाले, "माताजी सामायिकात बसल्या आहेत, उठल्या की सांगतो." सामायिक म्हणजे दिवसातून तीनदा ठरलेल्या वेळी बसून करायचं पाठ आणि ध्यान. तासाभराने त्यांचा फोन आला. सांगितलं, म्हणाले. माताजींनी डोळे मिटले, थोडा वेळ स्थिर उभ्या राहिल्या, आणि मग वेळ झाली तशा ग्रंथवाचनाला गेल्या. "माझ्यासाठी काही निरोप?" मी विचारलं. ते म्हणाले, "नाही."

घरात नातेवाईक जमले होते, आईला अजून न्यायचं होतं, आणि मी हातात फोन धरून परसात उभा होतो. त्या दिवशी मी मनाशी एक निकाल देऊन टाकला. रोजच्या रोज तेच पाठ, त्याच मुद्रा, त्याच वेळा, यांनी माणूस आतून वाळून जातो. मी नोएडाच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेण्याचं काम करतो. पुन्हा पुन्हा तेच करायचं असेल तर आम्ही ते मशीनवर सोपवतो. अक्का मला तशीच दिसू लागली. बायकोला मी हे अनेकदा बोलून दाखवलं. ती पुण्याच्या जैन घरातली, श्रद्धाळू. ती म्हणायची, "तुम्ही एकदा तरी त्यांच्याजवळ जाऊन बसा, मग बोला." मी गेलो नाही.

तीन वर्षांपूर्वी अक्काचा संघच आमच्याकडे आला. पावसाळ्याचे चार महिने साधूंनी एका गावी थांबायचं असतं, आणि त्या वर्षी संघाचा चातुर्मास गाझियाबादला ठरला, आमच्या सोसायटीपासून पंधरा मिनिटांवरच्या मंदिरात. बायकोने त्याच दिवशी कांदा-लसूण घरातून काढलं. सोसायटीत खालच्या मजल्यावर एक जैन आंटी राहतात, मूळच्या ललितपूरकडच्या. त्यांनी आमचा ताबाच घेतला. "बेटा, तुम्हारी तो अपनी दीदी हैं. चौका तो लगाना ही पड़ेगा."

चौका लावणं म्हणजे साधूंना जेवू घालण्यासाठी स्वयंपाकघर तयार करणं. माताजी दिवसातून एकदाच जेवतात, पाणीही त्याच वेळी, ताट न घेता हातांच्या ओंजळीत. पाणी मंदिराच्या विहिरीचं, गाळून उकळलेलं. पीठ घरी दळलेलं. वाढणाऱ्यांनी धुतलेलं सोवळं नेसायचं. जेवताना घासात केस किंवा किडा आढळला तर तिथेच जेवण थांबतं, त्याला अंतराय म्हणतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

आणि एवढं करूनही माताजी आपल्या दारी येतील याची खात्री नसते. सकाळी निघताना त्या मनात एक खूण ठरवतात: दारात उभ्या माणसाच्या हातात नारळ असेल तर, किंवा नवरा-बायको दोघं उभी असतील तर. ती खूण ज्या दारी जुळेल तिथे थांबायचं. कुठेच जुळली नाही तर उपवास.

मी आठवडाभराची सुट्टी टाकली. पहिले चार दिवस आम्ही सोसायटीच्या फाटकाशी कलश घेऊन उभे राहिलो आणि अक्का आमच्यासमोरून निघून गेली. खाली बघत, आहाराला निघाल्याच्या मुद्रेत उजव्या हाताची बोटं खांद्याला लावून, चार पावलांवरून. तिने मान वर केली नाही. दीक्षेनंतर पहिल्यांदाच मी तिला इतक्या जवळून पाहत होतो. केस उपटून काढलेलं डोकं, पांढरी साडी, भेगाळलेल्या टाचा. चौथ्या दिवशी मी आंटींना म्हणालो, "भाई का घर छोड़कर जा रही हैं, जान-बूझकर."

"उनको कैसे पता चलेगा तुम हाथ में क्या लेकर खड़े हो?" आंटी म्हणाल्या. "नियम पहले लेती हैं, घर बाद में देखती हैं."

मला ते पटलं नाही. राग आला होता, आणि रागाच्या खाली दुसरंच काही होतं, जे मी तेव्हा बघितलं नाही. मला तिने ओळखायला हवं होतं.

पाचव्या दिवशी तिची खूण जुळली नाही, उपवास घडला. सहाव्या दिवशी दुसऱ्या एका घरी तिसऱ्याच घासाला केस निघाला, अंतराय. ऑगस्टचा महिना होता, दिल्लीकडची ती चिकट, वारा नसलेली उष्णता. सातव्या दिवशी ती आमच्यासमोर थांबली. बायकोच्या हातात कलश होता, माझ्या हातात बिजोरा लिंबू, जे आंटींनी सकाळी सहज दिलं होतं. मी तिला थांबवण्याचे पाठ केलेले शब्द म्हणालो, "हे माताजी, वंदामि, अत्र तिष्ठ तिष्ठ." आम्ही तिच्याभोवती तीन फेऱ्या घातल्या आणि ती आमच्या मागून तीन जिने चढून आली.

तिचे पाय मी धुतले. मग ती पाटावर बसली आणि दात्याने म्हणायचं वाक्य मी म्हटलं. मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, आहार-जल शुद्ध आहे, माताजी, आहार ग्रहण करावा. आंटींनी हे वाक्य माझ्याकडून दहा वेळा घोकून घेतलं होतं. ते म्हणताना माझ्या मनात काय होतं ते मला आठवतं. माझ्या मनात होतं, बघू आता तरी माझ्याकडे बघते का.

तिने ओंजळ पुढे केली. मनगटाची हाडं वर आली होती. पहिलं पाणी बायकोने दिलं. मग मी मुगाच्या डाळीचे दोन चमचे वाढले. मग दलियाची वाटी उचलली, एक चमचा दिला, आणि दुसरा चमचा भरताना वाटीच्या कडेला एक लांब केस दिसला.

क्षणभर माझा हात थांबला. आंटींनी शेजारून विचारलं, "क्या हुआ?"

मी म्हणालो, "कुछ नहीं."

केस मी बोटाने ओढून घेतला, धोतराच्या सोग्यात पुसून टाकला, आणि चमचा तिच्या ओंजळीत रिकामा केला. दोन दिवसांची उपाशी होती ती. मी थांबलो असतो तर ती तिथेच हात सोडून, चूळ भरून उठली असती आणि तिसरा दिवस कोरडा गेला असता. हे मी आजही खरं मानतो. त्या वेळी मी दयेनेच केलं. ती सावकाश जेवली, सगळं पाणी प्यायली. जाताना तिने आम्हांला आशीर्वाद दिला. जिना उतरताना कठड्याला हात लावला नाही. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यावर मी गप्प राहिलो असतो तर काय झालं असतं, कोण जाणे. मी गप्प राहिलो नाही.

पंधरा दिवसांनी एका रविवारी मी मंदिरात गेलो. दुपारी माताजी हॉलमध्ये बसतात, लोक शंका विचारतात. त्या दिवशी फारसं कुणी नव्हतं. बायको होती, आंटी होत्या. अक्काने विचारलं, "कसं चाललंय तुमचं?" ती मला तुम्ही म्हणत होती. लहानपणी माझे कान धरणारी बहीण मला तुम्ही म्हणाली तेव्हा माझा तोल सुटला.

"एक विचारू?" मी म्हणालो. "तू दिवसभर हे पाठ म्हणतेस. पहाटे तेच, दुपारी तेच, संध्याकाळी तेच. यानं माणूस आतून बदलतो असं तुला खरंच वाटतं?"

ती म्हणाली, "रोज नाही वाटत."

मला या उत्तराची अपेक्षा नव्हती. मी तसाच पुढे गेलो. "आई गेली त्या दिवशी तू सामायिक पूर्ण केलंस. मग वाचनाला गेलीस. मला एक शब्द पाठवला नाहीस."

बायको खाली बघू लागली. अक्का म्हणाली, "मला उठल्यावर सांगितलं. त्यानंतरच्या सामायिकात माझं मन नव्हतं. पाठ नुसता ओठांवर होता. पण ओठांवर तरी होता. तो नसता तर मी त्या दिवशी रस्त्याला लागले असते, घराकडे. मला धरून ठेवायला दुसरं काही नव्हतं."

आज हे वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू येतं. तिने मला तिच्या आतलं दाखवलं होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पण त्या दुपारी मी ते ऐकलंच नाही. मला वाद जिंकायचा होता, आणि माझ्या हातात पुरावा होता.

"मग ऐक," मी म्हणालो. "त्या दिवशी आमच्याकडच्या दलियात केस होता. मी पाहिला, काढला आणि तुला वाढलं. तू जेवलीस. काय बिघडलं? तुला कळलंसुद्धा नाही. तुझं पुण्य कमी झालं का?"

आंटींनी कपाळाला हात लावला. बायको म्हणाली, "अहो, काय बोलताय."

अक्काच्या चेहऱ्यावर राग येईल अशी मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर तो यावा अशी माझी इच्छा होती. तो आला असता तर ती मला परत मिळाली असती, कंपासपेटीवाली. तिने विचारलं, "दिसल्यानंतर किती घास दिलेत?"

"मोजले नाहीत. सगळी वाटी."

"भुकेकडे बघून केलंत," ती म्हणाली. "ते मी समजू शकते. आज सांगितलंत ते कशाकडे बघून?"

ती मोरपिसांची पिंछी घेऊन उठली आणि आतल्या खोलीत मोठ्या माताजींकडे गेली. मोठ्या माताजी म्हणजे संघाच्या प्रमुख.

दुसऱ्या दिवशी आंटींकडून कळलं की अक्काने प्रायश्चित्त मागून घेतलं, तीन दिवसांचा उपवास, पाण्याशिवाय. मी ऑफिसमधून तसाच मंदिरात गेलो. मोठ्या माताजींच्या पुढे बसलो आणि माझ्या मोडक्या धार्मिक हिंदीत म्हणालो, "गलती मेरी है. सज़ा उनको क्यों?"

त्या बुंदेलखंडाकडच्या, साठीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, "सज़ा किसने दी, बेटा? उन्होंने कहा, मेरे भीतर खटक रहा है, मुझे धोना है. हमने रास्ता बता दिया."

"और मैं क्या करूँ?"

"वो तुम जानो."

त्या संध्याकाळी मी हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून प्रतिक्रमण ऐकलं. दिवसभरात कळत-नकळत ज्या ज्या जिवांना दुखावलं त्यांची माफी मागण्याचा तो पाठ. सगळ्या आर्यिका एका सुरात म्हणतात, झपाझप. मी पूर्वी हे ऐकून म्हणालो होतो की पाढे म्हटल्यासारखं वाटतं. त्या दिवशीही तसंच वाटत होतं. पण त्यात तिचा आवाज ओळखू येत होता, कोरड्या घशाचा. त्या आवाजात मला काय शोधायचं होतं कुणास ठाऊक. माझ्याबद्दलचा राग, किंवा माफी. दोन्हींतलं काहीच सापडलं नाही. ती पाठ म्हणत होती, एवढंच.

तिथे उभं असताना एक गोष्ट लक्षात आली आणि मला माझीच लाज वाटली. या सगळ्या विधीत एक वाक्य माझ्या वाट्याला आलं होतं. मन शुद्ध आहे, वचन शुद्ध आहे. ते मी पोकळ म्हटलं आणि पाच मिनिटांत मोडलं. आणि त्यावरून मी ठरवलं होतं की तिचीही वाक्यं पोकळच असणार.

यावरून मला सगळं उमगलं असं मात्र नाही. त्याच संघात दुसऱ्या एक माताजी होत्या, त्याही तेच पाठ म्हणायच्या, त्याच वेळा पाळायच्या, आणि प्रवचनाला बसताना दुसरी कुणी माताजी त्यांच्या पुढे बसली की त्यांचा चेहरा उतरायचा. बायकांमध्ये त्यावरून कुजबुज चालायची. म्हणजे पाठाने माणूस घडतोच असं मी छातीठोक सांगू शकत नाही. अक्काने स्वतःही तसं सांगितलं नव्हतं. ती म्हणाली होती, रोज नाही वाटत. तिच्या त्या 'रोज' शब्दात किती वर्षं होती हे विचारायला हवं होतं.

भाद्रपदात पर्युषणाचे दहा दिवस झाले आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी सगळे एकमेकांची माफी मागतात. सकाळपासून फोनवर गुलाबाच्या चित्रांसकट 'उत्तम क्षमा'चे मेसेज येत होते, ऑफिसातल्या माणसांचे, ज्यांनी माझं काही बिघडवलं नव्हतं आणि मी त्यांचं. मंदिरात माताजींच्या समोर शंभरेक माणसांची रांग होती. मी रांगेत उभा राहिलो. काय बोलायचं ते मी रात्रभर जुळवलं होतं. आई गेली त्या दिवसाबद्दल, केसाबद्दल, आणि त्या रविवारी तोंडातून गेलेल्या प्रत्येक शब्दाबद्दल.

माझी पाळी आली. मागून कुणीतरी पुढे ढकलत होतं. मी वाकलो आणि म्हणालो, "उत्तम क्षमा, माताजी."

तिने पिंछी उचलून आशीर्वाद दिला, "उत्तम क्षमा." माझ्या आधीच्या माणसाला दिला होता तसाच. मग मागचा माणूस पुढे आला.

बाहेर चपला शोधताना मी बायकोला म्हणालो, "सगळ्यांसारखंच केलं तिने माझंही."

बायको म्हणाली, "तुम्ही पण सगळ्यांसारखंच म्हणालात."

दिवाळीनंतर चातुर्मास संपला आणि संघ मेरठच्या रस्त्याने निघाला. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि त्यांच्याबरोबर चालत गेलो. बूट घालायला संकोच वाटला म्हणून पायमोज्यांवरच चाललो. शेजारून ट्रक जात होते, हवेत ती नोव्हेंबरची राखाडी धूळ होती. चालताना साधू बोलत नाहीत, पावलापुढची जमीन बघत चालतात, कुणी जीव पायाखाली येऊ नये म्हणून. त्यामुळे नऊ किलोमीटर मी तिच्या मागे पाचसहा पावलांवर राहून चाललो आणि काही बोललो नाही. वाटेत एकदा तिने थांबून पायातला खडा काढला, पुन्हा चालू लागली.

मुक्काम एका शाळेत होता. आहार झाला, लोक दर्शनाला येत राहिले. पावणेबाराला मी तिच्यासमोर जाऊन बसलो. ती म्हणाली, "पाय सोलवटले असतील तुमचे."

"थोडे," मी म्हणालो. "मला तुमच्याशी बोलायचं आहे." मीही तिला तुम्ही म्हणालो होतो. माझ्या नंतर लक्षात आलं.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सामायिकाची वेळ झाली. नंतर बोलू. थांबता का?"

मी थांबतो म्हणालो. ती आत गेली. मी व्हरांड्यात बसलो. एक वाजता फोन आला, तीन वाजताच्या मीटिंगला मी हवाच होतो. सामायिक कधी संपेल हे भैयांना विचारलं, ते म्हणाले, अजून अर्धा तास, कधी जास्तही. मी टॅक्सी बोलावली. भैयांना म्हणालो, माताजींना सांगा, पुन्हा येतो.

त्या मीटिंगमध्ये काय झालं ते मला आठवत नाही. अर्धा तास होता फक्त. आई गेली त्या दिवशी तिने आपली ठरलेली वेळ मोडली नाही म्हणून मी तिच्यावर इतकी वर्षं राग धरला, आणि माझ्यावर थांबायची वेळ आली तेव्हा मला एक मीटिंग सोडता आली नाही.

नंतर संघ लांब लांब जात राहिला, आधी बुंदेलखंडात, मग छत्तीसगडकडे. जायचं जायचं म्हणत अडीच वर्षं गेली. गेल्या महिन्यात आंटींनी सांगितलं की अक्काने मौन घेतलं आहे. किती काळाचं ते कुणाला माहीत नाही. प्रतिक्रमणाला बसते, पण ओठ हलत नाहीत, मनातल्या मनात म्हणते.

मी तिकीट काढलं आहे, पुढच्या आठवड्याचं. बायको म्हणाली, "आता त्या बोलणार नाहीत तुमच्याशी."

"माहीत आहे," मी म्हणालो.

काय बोलायचं ते मी दोन वेळा कागदावर लिहून पाहिलं. दोन्ही वेळा ते अर्जासारखं झालं, म्हणून फाडलं. बायकोने डब्यात काय द्यायचं विचारलं. या वेळी आठ दिवसांची रजा टाकली आहे.